सोमवारचे निरंक

चौकशी समितीसमोर मी एकच शब्द उच्चारला, आणि तो खोटा होता. त्या शब्दाने एका परिचारिकेची नोकरी गेली, तिच्या नावाला डाग लागला, आणि माझी खुर्ची जागच्या जागी राहिली. ही गोष्ट मी वर्षानुवर्षे कुणालाही सांगितली नाही. जेवताना घास अडकला की पत्नी पित्ताचे औषध पुढे करी आणि मी ते मुकाट्याने घेई. पित्त नव्हते, हे मला ठाऊक होते.

तो शब्द ‘निरंक’.

ज्यांनी कचेरीत दिवस काढले त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. वरून विचारणा येते. खाली सांगण्यासारखे काही नसेल तर ‘निरंक’ असे उत्तर द्यायचे असते. माझ्या बोलण्यात तो इतका मुरला होता की घरी पत्नीने ‘भाजी उरली का हो?’ असे विचारले तरी मी ‘निरंक’ म्हणे, आणि मुले हसत.

अंबाजोगाईत दवाखाने पुष्कळ. त्यांतल्या एका खासगी संस्थेच्या रुग्णालयात मी कारकून म्हणून लागलो आणि चढत चढत प्रशासकीय अधिकारी झालो. चढलो त्यात माझी मेहनत होती हे खरे. पण संस्थेचे अध्यक्ष आमच्या दूरच्या भावकीतले होते, हेही तितकेच खरे. अध्यक्ष थकले आणि त्यांचे चिरंजीव सचिव म्हणून कारभार पाहू लागले, तेव्हापासून आमच्याकडे बदलांना सुरुवात झाली. सचिवांनी पुण्याहून एक सल्लागार आणले. वयाने ते माझ्या धाकट्या भावासारखे, बोलणे गोड, मांडीवर सतत लॅपटॉप.

ते बदल मुळात वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. अंगठ्याची हजेरी आली. रुग्णांची नोंद कॉम्प्युटरवर गेली. ती प्रणाली बसवणाऱ्या कंपनीशी बिनसले, म्हणून पहिली शिकून होण्याआधीच दुसरी आली. ड्यूटीच्या वेळा बदलल्या. सरकारी योजनेतले रुग्ण वेगळे दिसावेत म्हणून वॉर्डांची मांडणी बदलली आणि तिच्याबरोबर कॉटचे नंबर बदलले. रुग्णाच्या मनगटावर बांधायचे कागदी पट्टे बंद झाले. त्यांच्या जागी बारकोडचे येणार होते. प्रत्येक बदल एकेकटा आला असता तर आम्ही तो पचवला असता. पण एक अंगवळणी पडायच्या आत दुसरा दारात उभा असे, आणि पहिल्याची घडी विस्कटलेलीच राही.

मला स्वतःला त्यातले निम्मे समजत नव्हते. पडद्यावर लाल चौकट आली की मी मशीनच बंद करून पुन्हा सुरू करी. पन्नाशी ओलांडलेला माणूस एकदा ‘मला जमत नाही’ म्हणाला की त्याची जागा कुठे असते, हे मी इतरांच्या बाबतीत पाहिले होते. म्हणून मी सगळ्यांत आधी मान डोलवू लागलो. सचिवांना ते आवडले. त्यांनी मला ‘बदल समन्वयक’ नेमले. यापुढे कोणत्याही वॉर्डाची अडचण माझ्याकडे यावी, मी ती सोमवारच्या बैठकीत मांडावी, असे ठरले. म्हणजे खालच्या माणसांचे म्हणणे वर जाण्याची एकच वाट उरली, आणि त्या वाटेत मी बसलो होतो.

कर्मचाऱ्यांचा ताण कमी व्हावा म्हणून प्रशिक्षणही मीच घ्यायचे होते. सल्लागारांनी चित्रांसह तयार भाषण पाठवले होते. विषय होता लवचीकता. मी पडद्यावर वाकलेले झाड दाखवले आणि म्हणालो, “जे वाकते ते टिकते.”

मागच्या रांगेत स्त्री कक्षाचे वॉर्डबॉय बसले होते. केस पांढरे झालेला माणूस. सगळा दवाखाना त्यांना मामा म्हणे. ते उठले.

“सायेब, लवचीक म्हंजे वाकायचंच ना?”

“तसं म्हणता येईल.”

“मग तसं सरळ म्हना की. येवढा पडदा कावून लावला?”

हॉल हसला. मीही हसलो. मग स्त्री कक्षाच्या सिस्टर बसल्या जागेवरून म्हणाल्या, “मामा, खाली बसा. तुमची कंबर आधीच वाकलेली आहे, तुमचं प्रशिक्षण पूर्ण झालं.” पुन्हा हशा पिकला. बाहेर पडताना त्या माझ्याजवळ थांबल्या. “सर, झाड वाकतं ते वारा थांबतो म्हणून परत उभं राहतं. वारा थांबतच नसेल तर?” मी म्हणालो, “छान मुद्दा आहे.” उत्तर मी दिले नाही, कारण त्या भाषणात ते नव्हते.

या सिस्टर गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याच्या. बौद्ध कुटुंबातल्या, घरातल्या नोकरी करणाऱ्या पहिल्या बाई. वडील गवंडीकाम करीत. पतीच्या पश्चात मुलीला घेऊन त्या दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत राहत. बोलणे जरा तिखट, हात मात्र हलका. लहान मुलांची शीर सापडत नसली की इतर वॉर्डांतूनही त्यांना बोलावणे येई.

एका दुपारी त्या माझ्या खोलीत आल्या.

“सर, बसू का?”

“बसा की.”

“नको, उभ्यानंच सांगते. वॉर्डात कुणी नाही.” त्यांनी पदराने कपाळ पुसले. “माझ्याकडं एकेका बाईला आता तीन-तीन नंबर झालेत. भिंतीवर रंगवलेला एक, कॉटच्या पायाला चिकटवलेला दुसरा, कॉम्प्युटरवर तिसराच. डॉक्टर राउंडला भिंतीकडं बघून बोलतात. आम्ही कॉटचा धरतो. औषध येतं कॉम्प्युटरच्या नंबरावर. हाताचे पट्टे बंद केले, नवे अजून यायचेत. मग बाई ओळखायची कशावरून?”

“तुम्ही तर सगळ्यांना तोंडाने ओळखता.”

“ज्या ओळखीच्या होतात त्या घरी जातात, सर. रोज नव्या येतात.” त्या जराशा हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. “त्यात जोडीची सिस्टर प्रशिक्षणाला पाठवलीय. बदल नको असं मी म्हणत नाही. एक संपू द्या, मग दुसरा आणा. पट्टे येईपर्यंत नंबर तेवढे जुनेच राहू द्या. नाहीतर एखाद दिवशी माझ्या हातून काहीतरी होईल.”

“मांडतो सोमवारी.”

“लेखी देऊ का?”

“लेखी कशाला? लेखी दिलं की त्याची तक्रार होते. मी आहे ना.”

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. ‘मी आहे ना’ म्हणताना मला स्वतःलाही बरे वाटले होते. आमच्याकडे या तीन शब्दांवर लग्ने ठरतात, जमिनीचे व्यवहार होतात.

सोमवारी बैठक भरली. माझ्या आधी औषध विभागाचे प्रमुख उठले आणि म्हणाले, नव्या प्रणालीत जुना साठा दिसत नाही, जरा सवड द्यावी. सल्लागारांनी शांतपणे लॅपटॉप मिटला. “साठ्याचं सोडा. काही जणांची मानसिकताच जुन्या साठ्यातली असते.” सगळे हसले. औषध विभागाच्या प्रमुखांचे कान लाल झाले. मग सचिवांनी माझ्याकडे पाहिले.

“वॉर्डांचं काय? अडचणी?”

मांडायचे वाक्य माझ्या ओठांवर तयार होते; वाटेत ते मी दोनदा मनात घोकलेही होते. पण त्या हशाची ऊब अजून खोलीत होती, आणि मला त्या हशाच्या पलीकडच्या बाजूला जायचे नव्हते.

“निरंक,” मी म्हणालो.

“बघा,” सचिव इतरांना म्हणाले, “याला म्हणतात समन्वय.”

त्यानंतर सिस्टर कॉरिडॉरमध्ये भेटल्या. “मांडलं का सर?” असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, “चर्चा चालू आहे.”

जे घडले ते त्याच आठवड्यात, संध्याकाळच्या जेवणाआधी. मी तेव्हा माझ्या खोलीत होतो. पुढचे मी सिस्टरांच्या जबाबातून आणि रुग्णाच्या मुलीच्या तोंडून जोडले आहे. डॉक्टरांनी सात नंबरच्या बाईला जेवणापूर्वी इन्शुलिन द्यायला सांगितले होते. त्यांच्या मनात भिंतीवरचा सात होता. कॉटला चिकटवलेल्या सातवर एक म्हातारी होती. आष्टीकडची, अंबाजोगाईला मुलीकडे आली असताना दमा उफाळला म्हणून दाखल झालेली. तिला मधुमेह नव्हता.

सिस्टर एकट्याच होत्या. पट्टा नाही म्हणून त्यांनी नियमाप्रमाणे तोंडी विचारले, “आजी, साखरेचं इंजेक्शन तुमचंच ना?”

“हाव माय, दे,” म्हातारी म्हणाली.

आमच्या भागातली म्हातारी माणसे दवाखान्यात कशालाच नाही म्हणत नाहीत. सिस्टर विचारतात म्हणजे बरोबरच असणार, अशी त्यांची समजूत असते. पण हिच्या होकारामागे आणखी एक गोष्ट होती, ती आम्हाला नंतर कळली. साखरेचे इंजेक्शन म्हणजे अंगात साखर घालणारे, ताकद देणारे, असे तिला वाटले होते. सुई टोचून झाल्यावर ती मुलीला समाधानाने म्हणाली होती, “साखरेचं दिलं गं मला. आता जीव येईल अंगात.”

इंजेक्शन दिले की त्याची नोंद लगेच कॉम्प्युटरवर करायची, असा नवा दंडक होता. नोंद उघडायला परिचारिकेच्या स्वतःच्या मोबाइलवर एक सांकेतिक अंक येई. नोंद न झाल्यास पगार कापायचा, हा दंडक परिपत्रकाने मीच लागू केला होता. वॉर्डाच्या जाड भिंतींत मोबाइलला रेंज मिळत नसे. सिस्टर फोन हातात धरून व्हरांड्यात गेल्या. अंक आला, टाकेपर्यंत त्याची मुदत संपली, पुन्हा मागवला. तिथून त्यांना नोंदणी खिडकीवर बोलावले गेले, कारण त्यांचा पासवर्डच बाद झाला होता. या सगळ्या वेळात म्हातारीला दरदरून घाम फुटला आणि मग डोळा लागला. मुलीला वाटले, दम्याने रात्री जागून काढल्यावर आता कुठे शांत झोप लागली. तिने आईच्या अंगावर चादर ओढली.

जेवणाची गाडी आली तेव्हा म्हातारी उठेना. सिस्टर परतल्या होत्या. त्यांनी एका नजरेत ओळखले, बोट टोचून साखर तपासली, ग्लुकोज लावले, डॉक्टरांना ओरडून बोलावले. जीव वाचला. पण म्हातारी शुद्धीवर आली ती पूर्वीची नव्हती. तोंड एका बाजूला ओढले गेले होते, शब्द फुटत नव्हता, आणि मुलगी समोर असून तिची नजर दुसरीकडेच जाई.

दुसऱ्या दिवशी तिचा मुलगा आष्टीहून आला. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा, रुंद खांद्याचा माणूस. व्हरांड्यातल्या नातेवाइकांनी डोळ्यांनी पाहिलेले त्याला सांगितले होते. तो फाटकापाशी उभा राहून ओरडत होता, “माझी माय मेल्यात जमा झाली, अन् ती बाई मोबाइल खेळत व्हती! मोबाइल!” कुणीतरी ते चित्रित केले. संध्याकाळपर्यंत ते गावभर फिरले.

मोबाइल सिस्टरांच्या हातात का होता, हे त्या गर्दीत मला एकट्याला पक्के ठाऊक होते. मी पुढे झालो आणि म्हणालो, “शांत व्हा. चौकशी होईल.”

चौकशी झाली. सचिव, एक विश्वस्त, वरिष्ठ डॉक्टर आणि कागद पुरवायला मी. चहा आला. सिस्टरांसाठी खुर्ची ठेवली होती. या वेळी त्या बसल्या. त्यांनी काहीही लपवले नाही. सुई माझ्या हाताने गेली, असे त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “नंबरांचं मी आधी सांगितलं होतं.”

“कुणाला?”

“सरांना. त्यांच्या खोलीत जाऊन.”

“लेखी?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. “सर म्हणाले, लेखी नको.”

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. सचिवांनी विचारले, “तुमच्याकडे या वॉर्डाची काही अडचण आली होती का?”

‘नाही’ हा शब्द मला बहुधा उच्चारता आला नसता. त्याला तोंड उघडून, कुणाकडे तरी पाहून बोलावे लागते. दुसरा शब्द सवयीचा होता आणि तो आपोआप आला.

“निरंक.”

सिस्टर भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. माझ्याकडे पाहत त्या फक्त “बरं” म्हणाल्या आणि उठल्या. ते ‘बरं’ मी पुढे इतक्या वेळा ऐकले आहे की त्याचा सूर आजही कुणासमोरही जसाच्या तसा काढून दाखवू शकेन.

आणखी एक सांगणे भाग आहे, नाहीतर हे कथन अर्धेच खरे ठरेल. त्या खोलीत बसलेले आम्ही चौघे एकमेकांचे सोयरे नाहीतर भावकीतले होतो. त्या एकट्या आमच्यातल्या नव्हत्या. जातीचा उल्लेख कुणीही केला नाही. करण्याची गरजच पडली नाही. माझा शब्द आणि त्यांचा शब्द समोरासमोर आले तेव्हा कोणता खरा मानायचा, हे कुणाला क्षणभरही ठरवावे लागले नाही. मी शब्द उच्चारला तेव्हा मला याची जाणीव होती, आणि मी तिचा फायदा घेतला.

राजीनामा दिला तर प्रकरण इथेच मिटवू, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी दिला. मुलीची शाळा मध्येच सोडवून त्या तलवाड्याला गेल्या. पुढच्याच आठवड्यात भिंतीवरचे जुने आकडे रंगाने पुसले गेले, नंबरांची अदलाबदल थांबली, मनगटाचे पट्टे आले. एका बाईला एकच नंबर, हे सिस्टरांचे मागणे त्यांच्या जाण्यानंतर पुरे झाले, आणि तत्परतेबद्दल सचिवांनी बैठकीत माझे कौतुक केले. मी खाली पाहिले. ते विनयाने पाहिले असे सगळ्यांना वाटले.

याहून वाईट मी पुढे केले. लवचीकतेच्या त्या प्रशिक्षणात ‘कामावरचे लक्ष विचलित होणे’ असा एक भाग सल्लागारांनी वाढवला आणि मी त्यात नाव न घेता ही घटना उदाहरण म्हणून सांगू लागलो. “हातात मोबाइल होता,” असे मी म्हणत असे. त्या वाक्यातला प्रत्येक शब्द खरा होता. पहिल्या वेळी मामा मागच्या रांगेतून पाणी पिण्याच्या निमित्ताने उठले ते परत आले नाहीत. त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतेच बोलत.

मधल्या काळात मी चांगला अधिकारी म्हणून ओळखला गेलो. बदल येतच राहिले. वॉर्डांतून कुणी काही सांगायला आले की मी ऐकून घेई. हळूहळू येणेच बंद झाले, आणि मग ‘निरंक’ म्हणायला मला खोटे बोलावे लागेना. लोकांनी जुळवून घेतले, असे आम्ही म्हणत असू. खरे तर त्यांनी सांगणे सोडले होते. माणसे टिकून राहावीत म्हणून मी भाषणे देत होतो, आणि ज्या एका गोष्टीने ती टिकली असती, ‘थांबा, झेपत नाही’ एवढे म्हणण्याची मुभा, ती माझ्याच दारात अडली होती. हे मला आज कळते असे मी लिहिले तर तेही खोटे होईल. मला ते तेव्हाच कळत होते.

गेल्या वर्षी गेवराईच्या एका छोट्या रुग्णालयातून फोन आला. बोलणारे डॉक्टर सभ्य होते. त्यांच्याकडे सिस्टरांनी कामासाठी अर्ज केला होता. “बाई हुशार वाटतात,” ते म्हणाले, “पण मोबाइलचं काहीतरी ऐकलंय. पेशंट दगावता दगावता राहिला म्हणे. तुम्ही तिथलेच, म्हणून विचारतो. घेऊ का?”

पुन्हा एकदा सगळे माझ्या एका वाक्यावर येऊन थांबले होते. मी म्हणालो, “त्याबद्दल मला काही बोलता येणार नाही.”

“समजलो,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी आभार मानून फोन ठेवला.

त्यांना काय समजले ते मलाही समजले. पहिल्या वेळी मी घाबरलो होतो, असे स्वतःला सांगून मी इतकी वर्षे काढली होती. आता तर मला भीती घालणारे कुणीच समोर नव्हते. खोलीत मी एकटा होतो, आणि तरी मी तेच केले. त्या दिवशी मी घरी आलो आणि पत्नीला सगळे सांगितले.  सगळे ऐकून ती म्हणाली, “मला कशाला सांगता? त्यांना सांगा.”

मी तलवाड्याला गेलो. सिस्टर तिथल्या औषधाच्या दुकानात कामाला आहेत, असे कळले. दुकानासमोर चार गिऱ्हाइके होती. त्यांनी मला पाहिले, ओळखले, आणि आधी बाकीच्यांचे उरकले. मग काउंटरवर हात टेकून विचारले, “काय देऊ सर? तापाची का अंगदुखीची?”

“बोलायचं होतं.”

“बोला. इथंच बोला. मालक जेवायला गेलेत.”

मी बोललो. बैठकीतले, चौकशीतले, गेवराईच्या फोनचे. माझे वाक्य दोनदा तुटले, कारण मध्ये गिऱ्हाईक आले. एकदा खोकल्याची बाटली मागायला, एकदा सुटे विचारायला. त्या शांतपणे काम करीत ऐकत राहिल्या. मी “माफ” एवढे म्हणालो आणि त्यांनी हात वर केला.

“थांबा सर. हे मला कशाला? मला तर माहीतच हाय ना. मी सांगितलेलं तुम्ही खाल्लं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार?” त्यांनी काउंटरवरचे सुटे गल्ल्यात टाकले. “सुई माझ्या हातानं गेली. ते ओझं माझं हाय, ते मी कुणावर टाकत न्हाई. पण त्या आजीचं पोरगं आजबी असंच समजतं की मी मोबाइल खेळत बसले होते. त्याची माय पडलीवती अन् मी खेळत होते, असं. नोकरी गेली ते सोडा. माझी पोरगी शाळेत गेली तर पोरं तिला ते चित्रण दाखवायची. तुमाला माफी मागायची ना? त्याच्यापुढं मागा. मी समोर उभी राहते.”

मी म्हणालो, “मी गाडी घेऊन येतो, तुम्हाला घेऊन जातो.”

“तुमच्या गाडीत न्हाई. मी येते एसटीनं.”

आष्टीला जाण्यापूर्वी मी सचिवांना सगळे लेखी दिले आणि ते गेवराईच्या डॉक्टरांना फोनवरही सांगितले. डॉक्टर म्हणाले, ती जागा भरली. सचिवांनी माझा कागद वाचून उलटा ठेवला. “जुनं कशाला उकरता? संस्थेचं नाव आहे. तुमची निवृत्ती जवळ आलीय, सुखानं जा.” मी म्हणालो की मला जायलाच हवे. ते म्हणाले, “मग संस्था तुमच्या पाठीशी नाही, एवढं लक्षात ठेवा.” हे ऐकून मला भीती वाटली, हे नोंदवतो. पण ती झेपण्यासारखी होती. इतकी वर्षे मी तिला उगाच डोंगराएवढी समजत होतो.

आष्टीच्या बाजाराचा दिवस होता. मोटार दुरुस्तीचे दुकान मुख्य रस्त्याच्या आतल्या अंगाला, पत्र्याचे. सिस्टर माझ्या आधी पोचून समोरच्या कडुनिंबाखाली उभ्या होत्या. मी आल्याशिवाय त्या पुढे झाल्या नव्हत्या. म्हातारीचा मुलगा जमिनीवर बसून उघड्या मोटारीत तांब्याची तार भरत होता. बाजूच्या बाकावर तीन-चार शेतकरी आपापल्या मोटारींची वाट पाहत बसले होते. त्याने आधी मला पाहिले, मग माझ्यामागे सिस्टरांना, आणि तार त्याच्या बोटांतून निसटली.

“ही कावून आली इथं?”

“त्या माझ्यामुळे आल्यात,” मी म्हणालो. “आजी कशा आहेत?”

“गेली. दोन पावसाळे झाले.” तो उठला. “शेवटपर्यंत माझं नाव न्हाई घेता आलं तिला. नुसतं बघायची. आता काय बघायला आलात तुमी?”

बाकावरचा एक जण म्हणाला, “आरं, घे की ऐकून. म्हातारा मानूस हाय.”

“ऐकतोच की. बोला बे काय बोलायचं ते.”

हे ‘बे’ मला लागले नाही. सिस्टर दाराच्या चौकटीपाशी थांबल्या होत्या, पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरून. मी त्याला भिंतीवरच्या, कॉटवरच्या आणि कॉम्प्युटरवरच्या आकड्यांची गोष्ट सांगितली. इंजेक्शन चुकीच्या बाईला कसे गेले ते सांगितले. मोबाइलवर येणाऱ्या अंकाचे सांगितले. तो मध्येच म्हणाला, “म्हंजे ती खेळत न्हवती?” मी म्हणालो, “नाही. नोंद करत होत्या. न केली तर त्यांचा पगार कापला गेला असता, असा आदेश होता. तो माझ्या सहीचा होता.” तो सिस्टरांकडे पाहत राहिला. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, “अन् तुमी फाटकापाशी माझ्यासमोरच उभे व्हते.”

“होतो.”

“तवा बोलला न्हाईत.”

“नाही बोललो.”

 मी सिस्टरांकडे वळलो.  सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो, “सिस्टर, तुम्ही मला आधी सांगितलं होतं. मी ते कुणालाही सांगितलं नाही. आणि मला विचारलं तेव्हा, तुम्ही काही सांगितलंच नव्हतं, असं मी म्हणालो. ते खोटं होतं. यांच्या आईचं जे झालं त्यात माझा दोष होता आणि तो मी तुमच्या अंगावर टाकला. तुमची, तुमच्या मुलीची आणि यांची मी माफी मागतो.”